पहिल्या आठवड्याची खोली

बाबासाहेबांचा न्यूयॉर्कमधला पहिला आठवडा (जुलै 1913) चरित्रकार दोन वाक्यांत उरकतात. हार्टले हॉल, न रुचलेले जेवण, मग कॉस्मोपॉलिटन क्लब. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राची सोबत. आणि लगेच पदव्या! ही घाई मला खटकते. परदेशात अस्पृश्यतेचे भान पुसले गेले होते, हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनीच नोंदवले आहे. त्याच लेखनात 1917 चे बडोदे आहे: पारशी धर्मशाळा, अकरावा दिवस, दारात काठ्या. माणूस तोच, यजमानही पारशीच. या दोन खोल्या शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. परतूरहून रेल्वेने औरंगाबादला, 1950 साली निघालेल्या मिलिंद महाविद्यालयात जाणाऱ्या पोराला मात्र पुस्तकाआधी खोलीच शोधावी लागे. आमची समीक्षा अजून आत्मकथनांच्या शिवराळ भाषेपाशीच अडून बसली आहे.