रेड हाउस : कीर्ती आणि वास्तू

विल्यम मॉरिसच्या रेड हाउसविषयी लिहावयाचे म्हणजे प्रथम त्याच्या कीर्तीची पुटे खरवडून काढावी लागतात. आधुनिक गृहरचनेचा उगम ह्याच घरातून झाला, असे वास्तुकलेच्या इतिहासांतून इतक्या वेळा सांगण्यात आले आहे की, त्याकडे राहते घर म्हणून पाहण्याची सवयच मोडली आहे. केंट परगण्यातील बेक्सलीहीथ येथे (हे गाव आता लंडनच्या पोटात गेले आहे) मॉरिसने आपल्या नव्या संसारासाठी १८५९ साली हे घर बांधावयास घेतले. तो पंचवीस वर्षांचा. त्याचा स्थपतिमित्र फिलिप वेब अठ्ठाविसांचा, आणि स्वतंत्रपणे हाती घेतलेले वेबचे हे पहिलेच काम.

अग्रपूजेचा हा मान आम्हांस मान्य नाही. ज्याच्या कचेरीत ह्या दोघांची मैत्री जमली, त्या जॉर्ज स्ट्रीटने मेडनहेडनजीक बॉइन हिल येथे पाद्र्याचे लाल विटांचे घर अगोदरच उभारले होते. बटरफील्डने बांधलेली अशी काही घरे तर त्याहूनही जुनी. उंच उतरते छप्पर, टोकदार कमानी, आतील खोलीच्या गरजेप्रमाणे बाहेरची खिडकी, हे सारे वेबने तेथूनच उचलले.

मग वेबचे स्वतःचे असे काय? आमच्या मते, त्याचा संयम. बटरफील्डला रंगीबेरंगी विटांचे पट्टे ओढण्याचा मोह आवरत नसे. वेबची भिंत एकरंगी आहे. तिला गिलावा नाही की उसने दगडी नक्षीकाम नाही. तिची शोभा सगळी खिडक्यांत. कोठे त्या उंच व अरुंद, तर वरच्या मजल्यावरील बोळात चक्क वाटोळ्या. टोकदार कमानीखाली त्याने वरखाली सरकणाऱ्या तावदानांची साधी खिडकी बसविली आहे. गॉथिक शैलीच्या सोवळ्या उपासकास हा भ्रष्टाकार वाटेल. पण कमान भिंतीचा भार घेते, तावदान हवा व उजेड देते, आणि दोघेही आपापले काम करताना उघड दिसतात. एवढा प्रामाणिकपणा आम्हांस पुष्कळ मंदिरांतही आढळलेला नाही.

दोष मात्र लहान नाही. मुख्य खोल्यांची तोंडे उत्तरेकडे, आणि उन्हाची बाजू बोळांच्या वाट्यास! आपल्याकडे उत्तरेचा गारवा हवासा वाटेल. इंग्लंडच्या हिवाळ्यात तो शिक्षाच होय. बर्न-जोन्सने दिवाणखान्यात रंगविलेल्या भित्तिचित्रांनी डोळे निवतील, अंगाला ऊब येणार नाही. लोकांस राहणे शिकवू पाहणाऱ्या ह्या घराचे मूल्यमापन करताना ही गोष्ट झाकून ठेवणे म्हणजे भक्ती झाली, टीका नव्हे.

घराचा आराखडा काटकोनी, दोन भुजांचा. त्यांच्या कुशीत शंकूसारख्या छपराची विहीर. बर्न-जोन्सच्या कुटुंबासाठी आणखी बाजू बांधून तेथे बंदिस्त चौक साधावा, असा बेत होता. १८६४ साली आजारपणामुळे व मूल दगावल्यामुळे बर्न-जोन्सने तो सोडला. पुढच्याच वर्षी मॉरिसने लंडनला बिऱ्हाड हलविले. पाच वर्षे काय ते त्याचे तेथील वास्तव्य.

आज ही प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू असून २००३ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. कोणी वाचक तिकडे गेलाच, तर त्याने दर्शनी दारापाशी फार न रेंगाळता थेट मागील बागेत जावे आणि विहिरीशी उभे राहून ती न बांधलेली बाजू मनाने बांधून पाहावी.