भोजनसमयीचे संगीत आणि आशयाचे गांभीर्य : चार सोल, फंक व डिस्को अल्बमांचा विचार

प्रास्ताविक

जेवताना लावलेले संगीत हे दुय्यम दर्जाचे संगीत होय, असा एक समज रसिकांत रूढ आहे. वस्तुतः भोजन आणि स्वर यांचा संबंध जुना आहे. टेलिमान या जर्मन संगीतकाराने १७३३ मध्ये भोजनप्रसंगी वाजवावयाच्या रचनांचा संग्रहच प्रसिद्ध केला होता. मराठी पंगतीत श्लोक म्हणण्याची प्रथाही सर्वपरिचित आहे. मात्र अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी १९७० च्या दशकात निर्माण केलेल्या सोल, फंक व डिस्को संगीताबाबत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला साथ म्हणून हे अल्बम आवडीने लावले जातात. त्यांतील काहींचा आशय मात्र युद्ध, बेकारी आणि व्यसन यांच्याशी निगडित आहे. अशा संगीताने ताटाची शोभा वाढवणे हा त्या आशयाचा अवमान ठरतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मृदुतेची घडण

हे अल्बम जेवणाशी जुळतात याची कारणे त्यांच्या घडणीत आहेत. लाँग-प्ले ध्वनिमुद्रिकेची एक बाजू साधारणतः वीस मिनिटे चालते. तेवढ्यात वाढणे आणि पहिले घास होतात. पुढे बाजू उलटण्यासाठी कोणाला तरी उठावे लागते. दुसरे कारण ठेक्याचे. बास गिटार आणि ड्रम यांनी धरलेला ठेका गाणे संपेपर्यंत फारसा ढळत नाही. त्यामुळे संभाषण दचकत नाही.

आवाजाच्या संयमाचे उत्तम उदाहरण म्हणजे अल ग्रीन यांचा ‘लेट्स स्टे टुगेदर’ (१९७२). मेम्फिस येथील निर्माते विली मिचेल यांनी ग्रीन यांना जोर न लावता, हळुवार गाण्याचा आग्रह धरला. चर्चमधील भक्तिगीतांच्या संस्कारात वाढलेला हा गळा येथे जवळजवळ कुजबुजीपर्यंत उतरतो. ड्रमचा नादही मुद्दाम दबका ठेवलेला आहे. या अल्बमचा विषय प्रेम असल्यामुळे त्याची मृदुता कोणाला खटकत नाही. पुढील तीन अल्बमांत मात्र तीच मृदुता वेगळे कार्य करते.

मार्व्हिन गे : घरातील संभाषणाचे रूप

‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम मे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. गे यांचे बंधू व्हिएतनाम युद्धात सैनिक होते आणि त्यांच्या अनुभवांचा या रचनांवर प्रभाव आहे. शीर्षकगीत प्रसिद्ध करण्यास मोटाउन कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी प्रारंभी अनुकूल नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये ते निघाले व लोकप्रिय झाले, तेव्हाच पूर्ण अल्बमचा मार्ग मोकळा झाला.

या अल्बमचा प्रारंभ लक्षणीय आहे. गाणे सुरू होण्यापूर्वी मित्रमंडळी एकमेकांची विचारपूस करीत असल्याचा गलका ऐकू येतो. म्हणजे हे संगीत स्वतःच माणसांनी भरलेल्या खोलीतून येते. पुढे पहिल्या बाजूवरील सहा गीते खंड न पडता एकमेकांत मिसळतात. युद्धावरून परतलेला सैनिक गावची खबर विचारतो, काम मिळेल का याची चौकशी करतो. त्यानंतर व्यसनाधीनता, मुलांचे भवितव्य, ईश्वराचे प्रेम आणि प्रदूषित पृथ्वी असे विषय येतात. गे यांचाच आवाज अनेक थरांत ध्वनिमुद्रित केलेला असल्यामुळे एकच माणूस स्वतःशी आणि इतरांशी एकाच वेळी बोलतो आहे असा भास होतो. घरातील माणसे जेवताना ज्या सुरात दिवसभराच्या चिंता सांगतात, तोच हा सूर आहे. त्यामुळे हा अल्बम जेवणाच्या वेळी लावल्याने त्याची हानी होत नाही. उलट त्याला त्याची स्वाभाविक जागा मिळते.

कर्टिस मेफील्ड आणि ‘शीक’

मेफील्ड यांचा ‘सुपर फ्लाय’ (१९७२) हा कोकेन विकणाऱ्या नायकाच्या चित्रपटाचा संगीत-अल्बम आहे. पडद्यावर त्या जीवनाचा दिमाख दिसतो, तर गीतांतून त्याची किंमत सांगितली जाते. कोंगाचा ठेका, गिटार आणि तंतुवाद्ये मोहक आहेत. वरच्या पट्टीतील कोमल आवाज त्याहून मोहक. मात्र येथे सगळा भार शब्दांवर आहे. शब्द निसटले तर अल्बम ज्या दिमाखाची समीक्षा करतो, तोच दिमाख श्रोत्याच्या हाती उरतो.

नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांच्या ‘शीक’ या वाद्यवृंदाचा ‘रिस्के’ (१९७९) हा अल्बम अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यातील ‘गुड टाइम्स’ सुखाचे दिवस आल्याचे जाहीर करते. परंतु त्या वर्षी अमेरिकेत महागाईचा दर दोन अंकी होता. गीतात महामंदीच्या काळातील गाण्यांचे प्रतिध्वनी योजलेले आहेत. त्यामुळे त्यातील आनंदाला उपरोधाची किनार लाभते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्को ध्वनिमुद्रिकांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. त्यानंतरच्या गोंधळामुळे दुसरा सामना होऊ शकला नाही. पुढच्याच महिन्यात ‘गुड टाइम्स’ अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीत प्रथम स्थानी होते. ज्या संगीताला पोकळ म्हणून नाकारले गेले, त्याची एडवर्ड्स यांनी वाजवलेली बास गिटारची ओळ त्याच वर्षी रॅप संगीताच्या पहिल्या मोठ्या यशाचा आधार ठरली.

आक्षेप आणि मर्यादा

ठेका गोड लागतो म्हणून दुःख पचनी पडते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु घरातील श्रवणाचे बलस्थान पुनरावृत्तीत आहे. मैफल बहुधा एकदाच ऐकली जाते. जेवणाच्या वेळचा अल्बम महिन्यातून अनेकदा लागतो. पहिल्या वेळी निसटलेला शब्द पाचव्या वेळी कानात अडकतो आणि कोणीतरी घास थांबवून विचारते, हा काय म्हणतो आहे? मराठी श्रोत्याला हा क्षण आपोआप लाभेलच असे नाही. त्याला डिस्कोचा परिचय बहुतांशी ‘कुर्बानी’ (१९८०) व ‘डिस्को डान्सर’ (१९८२) यांसारख्या हिंदी चित्रपटांच्या झगमगाटातून झाला, आणि मूळ गीतांची भाषाही परकी. म्हणून शब्द एकदा तरी समोर ठेवून वाचणे त्याच्यासाठी अगत्याचे ठरते. तसेच आज सुटी गीते निवडून भोजनासाठी तयार याद्या केल्या जातात. त्यांत गे यांच्या अल्बमची सलगता तुटते आणि परतलेल्या सैनिकाचा प्रश्न संदर्भहीन होतो.

निष्कर्ष

जेवणाच्या वेळी हे संगीत ऐकण्यात अवमान नाही. मात्र चारही अल्बम ही कसोटी सारख्याच प्रमाणात उतरत नाहीत. ग्रीन यांचा अल्बम त्या प्रसंगाशी सहज एकरूप होतो; गे यांचा त्या प्रसंगाला खोली देतो; मेफील्ड आणि ‘शीक’ यांना ताट उचलल्यानंतरचे स्वतंत्र श्रवण आवश्यक आहे. अल्बम पूर्ण व क्रमाने लावणे आणि त्याच्याकडे पुन्हा परतणे एवढी पथ्ये पाळली, तर रोजचे जेवण हे गंभीर आस्वादाचे प्रवेशद्वार ठरू शकते.