खाली गेलेली नजर

आमची प्रस्थापित समीक्षा कलाकृती तपासते. ती पाहणारा कोण, हे विचारीत नाही. 'रसिक' म्हटले की तिचे काम भागते.

रसिकाची नजर यंत्राने मोजता येते. सोव्हिएत रशियातील संशोधक आल्फ्रेड यार्बस याने ती मोजली. डोळ्याला चिकटणारी इवलीशी टोपी, तिच्यावर आरसा, त्यावरून परतणाऱ्या किरणाने फोटोच्या कागदावर नजरेची वाट उमटे. त्याचे पुस्तक १९६७ साली इंग्रजीत आले. त्यात इल्या रेपिनचे एक चित्र आहे: हद्दपारीतून माणूस अवचित घरी परततो. 'यांची वये सांगा' म्हटले की बघ्याची नजर चेहऱ्यांवर; 'घरची सांपत्तिक स्थिती सांगा' म्हटले की कपड्यांवर, सामानावर. चित्र तेच, बघ्याही तोच. प्रश्नाने नजर फिरविली. आमच्याकडे बघ्याच्या मनात प्रश्न आधीच ठरलेला असतो: हा कुणाचा?

धाडला मुलांबरोबर 'फँड्री' पुन्हा पाहिला. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा चित्रपट. या वेळी मी पडद्याकडे कमी आणि पाहणाऱ्यांकडे जास्त पाहिले. याला कोवळ्या प्रेमाची गोष्ट म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. कैकाडी जब्याला शालूकडे पाहायचे आहे खरे. पण डुकरामागे धावताना तिने आपल्याला पाहू नये, याचीच त्याला धास्ती आहे. तो आडोशाला लपतो. सगळा चित्रपट त्या लपण्यात आहे. (काळी चिमणी मला जरा जास्त झाली.) पकडलेले डुक्कर शाळेच्या भिंतीपुढून जाते. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. महापुरुष भिंतीवर आणि डुक्कर खांद्यावर, हे दृश्य कुठल्याही भाषणाहून कठोर आहे.

वर्गमित्र जब्याला हसतात तेव्हा आमच्यातलेही काही हसले. भिंतीशी बसलेल्या एका मुलाने मान खाली घातली.

आजचे यंत्र डोळ्यावर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकते आणि बाहुली टिपते. पापणी बाहुलीवर उतरली की नोंद तुटते. कागदावर तेवढी जागा कोरी, 'माहिती गहाळ'. म्हणजे हसणाऱ्यांची नजर शास्त्रात जमा होईल आणि त्या मुलाची गळेल. पाहणाऱ्याला मोजणारे यंत्र निघाले. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याचे काय होते, हे त्याला कोण विचारणार? समीक्षकाने तरी विचारावे.

शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो, पडदा काळा होतो. पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोके चुकविले. भिंतीशी बसलेला मुलगा त्या वेळी सरळ समोर पाहत होता.