शिरस्त्राणातील ‘मी’ : ‘हेलो’ आणि त्याची उपनिर्मिती

एका कृतीच्या आधाराने दुसरी कृती निर्माण झाली की तिचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न आपल्या वर्गांत कादंबरीची नाट्यरूपांतरे आणि चित्रपट यांच्या निमित्ताने वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा एकाच मापाने दिले जाते : रूपांतर मुळाशी किती इमानी राहिले? हे माप सोयीचे आहे. परंतु त्याने फार थोडे मोजले जाते, असे आमचे मत आहे. ते तपासून पाहण्यासाठी येथे मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ‘हेलो’ हा अमेरिकन विज्ञानकल्पित नेमबाजीचा खेळ, त्यावरील अधिकृत कादंबऱ्या व दूरचित्रवाणी-मालिका, आणि त्याच्या चाहत्यांनी स्वतः रचलेली निर्मिती, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. अशा खेळांचा उल्लेख साहित्यविभागात झालाच तर तो विद्यार्थ्यांच्या वाया जाणाऱ्या वेळाची तक्रार म्हणून होतो. ती तक्रार खरी असेलही. येथे तिचा विचार कर्तव्य नाही.

‘हेलो’ म्हणजे तेजोवलय. (दूरध्वनीवरील ‘हॅलो’शी त्याचा काही संबंध नाही.) शिकागो येथे १९९१ साली स्थापन झालेल्या ‘बंजी’ या संस्थेने हा खेळ रचला. २००० साली मायक्रोसॉफ्टने ती संस्था विकत घेतली, आणि १५ नोव्हेंबर २००१ रोजी ‘एक्सबॉक्स’ या यंत्राबरोबर खेळ बाजारात आला. कथा इसवी सन २५५२ मधील आहे. ‘कव्हेनंट’ नावाच्या परग्रहवासीयांच्या संघाशी मानवजातीचे युद्ध चालू असून, अवकाशात तरंगणाऱ्या एका प्रचंड कड्याच्या आकाराच्या रचनेवर नायक येऊन पडतो. या नायकाला ‘मास्टर चीफ’ म्हणतात. हे त्याचे नाव नव्हे, नौदलातील हुद्दा आहे. त्याला ११७ हा क्रमांकही आहे. चेहरा मात्र नाही : शिरस्त्राणाची सोनेरी काच त्याच्या मुखावर सदैव उतरलेली असते. पहिल्या खेळाच्या अखेरीस तो शिरस्त्राण काढतो खरा, पण नेमका त्याच क्षणी कॅमेरा दुसरीकडे वळतो.

या खेळप्रकाराला इंग्रजीत ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. व्याकरणाच्या अभ्यासकाने या नावापाशी क्षणभर थांबावे. प्रथम पुरुष ही आपली संज्ञा आहे, आणि येथे ती अलंकार म्हणून आलेली नाही. ‘मी’ या शब्दाला कोशात देता येईल असा स्थिर अर्थ नसतो. जो तो उच्चारतो त्याच्याकडे तो जातो. येस्पर्सनने १९२२ साली अशा शब्दांना ‘शिफ्टर’ म्हटले, याकोब्सनने १९५७ साली ती कल्पना विस्तारली, आणि त्याच सुमारास, १९५६ साली, बांव्हनिस्तने सर्वनामांवरील आपल्या निबंधात ‘मी’ म्हणजे ते वाक्य उच्चारणारी व्यक्ती, एवढाच त्याचा अर्थ असल्याचे दाखविले. मास्टर चीफ हा या अर्थाने पात्र नसून सर्वनाम आहे. पडद्यावर बंदूक आणि तिच्यामागील हात दिसतात. ज्याच्या हाती यंत्राची कळ असेल त्याचे ते हात. मराठी बोलणारा खेळाडू गोळी लागून पडला तर ‘तो मेला’ असे म्हणत नाही. तो ‘मेलो’ म्हणतो, आणि खेळणारी मुलगी असेल तर ‘मेले’ म्हणते. नायकाचे लिंगसुद्धा क्रियापदाच्या प्रत्ययापुरते खेळणाऱ्याकडून येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कथेच्या मधल्या चित्रप्रवेशांत मास्टर चीफ बोलतो, त्याला खर्जातला विशिष्ट आवाज आहे, ‘कॉर्टाना’ या कृत्रिम बुद्धीशी त्याचे एक नातेही जुळते. म्हणजे हे सर्वनाम पूर्णपणे रिकामे नाही. परंतु तो फार थोडे बोलतो, आणि खेळाचा ताबा आपल्या हाती आला की गप्प होतो. ही रिकामी जागा नंतरच्या प्रत्येक निर्मितीने कशी तरी वापरली आहे. ती कशी वापरली, हेच त्या निर्मितीच्या मूल्यमापनाचे माप असावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

अधिकृत साहित्याने काय केले ते प्रथम पाहू. एरिक नायलंड यांची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी ३० ऑक्टोबर २००१ रोजी, म्हणजे खेळ येण्याच्या सोळा दिवस आधी, प्रसिद्ध झाली. तिने सर्वनामाचे विशेषनाम केले. शिरस्त्राणाच्या आत जॉन नावाचा माणूस आहे. वयाच्या सहाव्या वर्षी सरकारने त्याला घरातून पळवून नेले. त्याच्यासारखी पंचाहत्तर मुले पळविण्यात आली, आणि त्यांच्या जागी ठेवलेल्या नकली मुलांचे पुढे आजारपणात मृत्यू झाले. कादंबरीची भाषा सपाट आहे, लढायांची वर्णने कंटाळवाणी आहेत. तरीही तिने केलेले काम हलके समजू नये. सर्वनाम निरपराध असते. ‘मी’ कोणाचाही असू शकतो तोवर त्याला भूतकाळ नसतो, आणि भूतकाळ नाही तोवर त्याच्या हातून होणाऱ्या संहाराचा जाबही कोणाला विचारता येत नाही. खेळाने जी सोय करून ठेवली होती, ती नायलंड यांनी नाव देऊन मोडली. या शूर सैनिकाच्या मागे एक गुन्हा आहे, आणि तो आपल्याच बाजूने केलेला आहे, हे खेळणाऱ्याला प्रथम कादंबरीने सांगितले.

विशेषनाम आले की त्यामागोमाग चरित्र येते, तारखा येतात, आणि तारखांबरोबर विसंगती. कादंबरीत ‘रीच’ या ग्रहावरील हल्ला व पाडाव ३० ऑगस्ट २५५२ या दिवशीचा आहे. १४ सप्टेंबर २०१० रोजी आलेल्या ‘हेलो : रीच’ या खेळात तीच लढाई जुलैपासून चालते. चाहत्यांत यावरून मोठा वाद झाला. त्या वर्षी कादंबरीची सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि खेळाच्या विशेष संचासोबत डॉक्टर हॅल्सी या पात्राची रोजनिशी देण्यात आली. तिच्या आधारे दोन्ही कालगणनांचा मेळ घालण्याचे प्रयत्न चाहत्यांनी केले. प्रमाण पाठ कोणता, प्रक्षिप्त काय, उत्तरकालीन पाठ पूर्वीच्यास बाधक ठरतो की नाही, असे आपल्या पाठचिकित्सेतील प्रश्न येथे विशी-पंचविशीतील मुले कोणी न शिकवता विचारीत होती. त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. मात्र पाठचिकित्सकाला मृत लेखकाच्या हेतूचा शोध घ्यावयाचा असतो. येथे लेखकाच्या जागी चालू मालक आहे, आणि तो उद्या नवा पाठ काढू शकतो. त्यामुळे या परिश्रमांचा बराचसा भाग मालकाच्या हिशेबातील चुका फुकट दुरुस्त करण्यात गेला, असेही म्हणावे लागते.

आता दुसऱ्या दिशेकडे वळू. टेक्सासमधील ऑस्टिन येथील बर्नी बर्न्स आणि त्यांच्या मित्रांनी १ एप्रिल २००३ रोजी ‘रेड व्हर्सेस ब्ल्यू’ या विनोदी मालिकेचा पहिला भाग प्रसृत केला. त्यांच्या मंडळीचे नाव ‘रूस्टर टीथ’. खेळाच्या यंत्रातच पात्रे हलवून, त्यांचे चित्रण करून, वरून आवाज देण्याच्या या कलाप्रकाराला ‘मशिनिमा’ म्हणतात. तिचा आरंभ १९९६ साली ‘क्वेक’ या खेळाच्या एका खेळाडूगटाने केलेल्या ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ या छोट्या चित्रापासून धरतात. पण तेथे हाणामारीच अधिक होती. ‘रेड व्हर्सेस ब्ल्यू’मध्ये माणसे उभी राहून बोलतात. घटनास्थळ ‘ब्लड गल्च’, म्हणजे खेळाडूंनी आपसांत लढावे म्हणून खेळात दिलेली एक दरी. तिच्या एका टोकाला लाल तळ, दुसऱ्या टोकाला निळा. मुख्य कथेतील युद्धाचे येथे नावही नाही.

या मालिकेची रचना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने जवळून पाहण्यासारखी आहे. सर्व पात्रे शिरस्त्राणधारी आणि रंग सोडल्यास एकसारखी. ओठ हलत नाहीत, मग बोलणारा कोण हे कळावे कसे? उपाय असा केला की जो बोलतो त्याचे डोके खाली-वर हलते, इतरांनी निश्चल राहावयाचे. नाटकात संवादाची पाळी आपण मुद्रेवरून, श्वासावरून, नजरेवरून ओळखतो. येथे हे सारे एका मान-डोलावणीत आणून बसविले आहे, आणि पाच मिनिटांत प्रेक्षकाला त्याचा विसर पडतो. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. खेळात वेगळा कॅमेरा नसल्याने एक खेळाडू केवळ पाहण्याचे काम करतो, आणि त्याला दिसते तेच आपले दृश्य. पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या घालून त्याची बंदूक आणि खेळाची चिन्हे झाकलेली असतात. ज्या प्रथम पुरुषाभोवती सगळा खेळ उभारला, तो येथे निःशस्त्र, मूक साक्षीदार झाला. मूळ कृतीवर याहून मार्मिक टीका आमच्या पाहण्यात नाही, आणि करणाऱ्यांना ती टीका म्हणून करावयाची होती असेही दिसत नाही.

संवाद कशाविषयी आहेत? बव्हंशी शब्दांविषयी. पहिल्याच भागात सिमन्स विचारतो की आपण इथे का आहोत, आणि ग्रिफ सृष्टीच्या उत्पत्तीविषयी, ईश्वराच्या योजनेविषयी गंभीरपणे बोलू लागतो. सिमन्सला एवढेच विचारावयाचे असते की आपण या दरीत का आहोत. मग दोघांच्या ध्यानात येते की लाल तळ इथे आहे तो केवळ निळा तळ तिथे आहे म्हणून, आणि निळ्याचेही तसेच. हा सगळा विनोद ‘इथे’ या दर्शक शब्दाच्या कक्षेवर उभा आहे. मराठीत तो जसाच्या तसा उतरतो, कारण ‘आपण’ या सर्वनामात समोरचा श्रोताही येतो आणि अखिल मानवजातही येते. ‘आम्ही इथे का आहोत’ असे भाषांतर केले तर मात्र श्रोता वगळला जाऊन सारे कोसळेल. उलट, टेक्स या पात्राचा प्रसंग मराठीत जवळजवळ अशक्य आहे. आवाज यंत्राने बदललेला हा भाडोत्री सैनिक स्त्री आहे हे उशिरा उघड होते. इंग्रजी ‘आय’च्या मागे तिला लपता येते. मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण ‘मी जातो’, ‘मी जाते’ म्हणताच क्रियापद फितूर होते.

पुढे सार्जंट नव्या जीपगाडीला एका रानडुकराचे नाव देतो, आणि ग्रिफ म्हणतो की ती मुळी दिसते प्यूमासारखी. यावर जो वाद होतो तो नाम आणि वस्तू यांच्या संबंधावरील आमच्या काही व्याख्यानांपेक्षा अधिक काळ विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहील. डोनट नावाच्या शिपायाला मिळालेले चिलखत सर्वांना गुलाबी दिसते. तो म्हणतो, हा फिकटसर लाल. जेथे पक्षनिष्ठा केवळ रंगाने ठरते तेथे रंगाचे नाव हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. लोपेझ हा यांत्रिक मानव फक्त स्पॅनिश बोलतो, तीही सदोष; त्याचे सोबती त्याच्याशी बिनदिक्कत संभाषण करतात आणि आपल्या सोयीचे अर्थ काढतात. या चाहत्यांनी रिकाम्या शिरस्त्राणात चरित्र भरले नाही. त्यांनी तेथे भाषा सोडली, आणि युद्धाचे प्रयोजन या पात्रांना का सापडत नाही ते त्या भाषेतून दिसू दिले. इराकवरील आक्रमणानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते अशा वेळी हा पहिला भाग आला, हे सांगून ठेवावे. त्यावरून फार मोठे अनुमान काढू नये.

ही निर्मिती मूळ खेळाकडे परतलीही. पहिल्या खेळात पिस्तूलधारी पात्राने खाली पाहिले की त्याचे शस्त्र उतरलेले व मान ताठ दिसे. हा यंत्रातील दोष होता, आणि संवादाची दृश्ये त्याच्या आधाराने घेतली जात. ९ नोव्हेंबर २००४ रोजी आलेल्या दुसऱ्या खेळात शस्त्र खाली घेण्याची सोयच ‘बंजी’ने करून दिली. लढाईच्या खेळात न लढता उभे राहण्याची कळ आली ती चाहत्यांमुळे. तिसऱ्या खेळात (२००७) एका दारापाशी परवलीच्या शब्दावरून हुज्जत घालणारे सैनिक याच मंडळींच्या आवाजात बोलतात. आणि मालिकेतील एका थट्टेतून निघालेला ‘ग्रिफबॉल’ हा चेंडूचा खेळ त्याच खेळात रीतसर खेळला जाऊ लागला.

सारेच चांगले झाले नाही. पहिले शंभर भाग जून २००७ मध्ये संपले, आणि २००८ पासून मालिकेला स्वतःचे चरित्र हवेसे झाले. गुप्त प्रकल्प, त्याचा संचालक, चर्च हा माणूस नसून कृत्रिम बुद्धी असल्याचा उलगडा, असा गंभीर पसारा वाढला. मॉन्टी ओम (मृत्यू २०१५) यांनी रचलेल्या हाणामारीच्या दृश्यांना वेग आणि डौल होता. पण ती पाहताना माना डोलावणारे दोन शिपाई आठवत राहतात. चाहत्यांच्या निर्मितीनेही अखेर सर्वनामाचे विशेषनामच केले, आणि नायलंड यांच्याप्रमाणे त्यातून काही नैतिक ओझे उभे करणे तिला क्वचितच साधले.

२४ मार्च २०२२ पासून ‘पॅरामाउंट प्लस’वर आलेल्या दूरचित्रवाणी-मालिकेत पहिल्याच भागात मास्टर चीफ शिरस्त्राण काढतो, आणि पाब्लो श्रायबर या नटाचा चेहरा दिसतो. चाहते संतापले. हे मुळाशी इमान नव्हे, अशी त्यांची तक्रार. त्यांच्या कारणाशी आम्ही सहमत नाही, निष्कर्षाशी आहोत. चेहरा दाखविणे हा अपराध नव्हता. कादंबरीने चेहऱ्याहून मोठी गोष्ट दाखविली होती. दोष असा की काढलेल्या शिरस्त्राणाच्या जागी मालिकेला सांगण्यासारखे फारसे नव्हते. दोन हंगामांनंतर, २०२४ साली, ती बंद झाली.

राहता राहिला हक्काचा प्रश्न. ‘रेड व्हर्सेस ब्ल्यू’ला मायक्रोसॉफ्टने शुल्क न घेता चालू राहू दिले. २००७ साली त्या कंपनीने चाहत्यांच्या अशा निर्मितीसाठी नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार बिगर व्यापारी निर्मितीला परवानगी असते, आणि ती केव्हाही काढून घेता येते. या उदारपणाची टिंगल करण्याचे कारण नाही, पण तो पोटभाडेकरूला दिलेला उदारपणा आहे, हे त्या मालिकेच्या अभ्यासकाने विसरू नये. आज या निर्मितीचे जे भाग पाहता येतात ते परवानगीने पाहता येतात. ‘रूस्टर टीथ’ पुढे मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली, आणि मार्च २०२४ मध्ये तिच्या तत्कालीन मालकांनी, वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने, ती बंद करण्याचे जाहीर केले. मालिकेचा समारोपाचा चित्रपट त्याच वर्षी मे महिन्यात निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्नी बर्न्स यांच्या नव्या कंपनीने ते नाव आणि ‘रेड व्हर्सेस ब्ल्यू’सह काही मालिका परत विकत घेतल्या. नव्या कंपनीचे नाव ‘बॉक्स कॅन्यन’ आहे, म्हणजे तिन्ही बाजूंनी बंद असलेली दरी. मालिका आता त्यांची आहे. दरी अजून मायक्रोसॉफ्टची आहे.