खलनायकाचे घरी येणे

आमच्या दौलताबादला खलनायकाचे अप्रूप नाही. किल्ला पाहायला येणाऱ्यांना देवगिरीचे यादव आठवून द्यावे लागतात, पण १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे आणणारा महंमद तुघलक मात्र सगळ्यांना पाठ! गिरीश कर्नाडांनी १९६४ साली त्याच्यावर नाटकही लिहिले. तेव्हा १९४० पासून चित्रकथांत बॅटमॅनला छळणाऱ्या जोकरला स्वतःचा अख्खा चित्रपट मिळाला, याने मी काही दचकलो नाही. आपल्याकडे तो लागला २०१९ च्या २ ऑक्टोबरला. ऐन गांधीजयंतीला! तारीख ठरवणारा विनोदी होता की त्याच्याकडे कॅलेंडर नव्हते, कोण जाणे.

मी तो पाहिला उशिरा, घरी, भाच्याने दिलेल्या ब्लू-रेवर. घरी पाहण्यात पॉजच्या बटणाची सोय असते आणि ते आमच्या सौ.च्या हातात असते. वाकीन फिनिक्सच्या बरगड्यांवर चित्र थांबवून ती म्हणाली, "अहो, याला कुणी जेवायला वाढत नाही का?"

"भूमिकेसाठी वीस किलोच्या वर वजन उतरवलंय त्यानं."

सौ.ने माझ्या पोटाकडे पाहिले. चिवड्याची बशी मी हळूच खाली ठेवली.

हा आर्थर भाड्याने विदूषक होतो, आईला सांभाळतो, आणि नको तिथे हसू फुटते म्हणून तसा खुलासा छापलेले कार्ड बाळगतो. (मॅनेजरच्या भाषणांसाठी मला एक हवे आहे.) फिनिक्सचे २०२० चे ऑस्कर त्या हसण्याचेच असावे. गळा हसतो, डोळे हसत नाहीत. हिल्दुर गुदनादोत्तिरच्या संगीतालाही ऑस्कर मिळाले, आणि ते योग्यच. तिचा चेलो ऐकून मला रात्री झोप आली नाही.

तक्रार एकच. दिग्दर्शक टॉड फिलिप्सने भोवतालची माणसे इतकी वाईट रंगवली आहेत, की आर्थरने पिस्तूल चालवले तरी हिशेब पहिल्याच बेरजेत जुळतो. असा हिशेब जुळला की आम्ही बँकवाले पुन्हा तपासतो.

यातून सुटली ती सरकारी समुपदेशक बाई. ती दर आठवड्याला तेच प्रश्न विचारते, ऐकत मात्र नाही, असे आर्थर तिला सांगतो. बाई दुष्ट नाही. तिच्या कार्यालयाचाच पैसा बंद झालाय. तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. बाई फार ओळखीची वाटत होती.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर कुणीतरी आले. मी सवयीने, मान खाली घालूनच विचारले, "पासबुक आणलंय?"

मग आठवण झाली आणि मान वर केली. पेन्शनवाले आजोबा होते. हसत होते.

"आणलंय की साहेब. केव्हाचं हातात धरून उभा आहे."