वृद्ध नायकाचे पुनरागमन : 'शक्तिमान' आणि 'पिकार्ड'

प्रस्तावना :
लोकप्रिय नायक प्रेक्षकांच्या स्मृतीत वयातीत राहतो. त्याची भूमिका करणारा नट मात्र वृद्ध होतो. जुन्या नायकाला नव्या मालिकेत आणताना ही विसंगती कशी हाताळली जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
'शक्तिमान' ही हिंदी मालिका 1997 ते 2005 या काळात दूरदर्शनवरून प्रसारित झाली. निजामपुऱ्यासारख्या वस्त्यांतून ती पाहत वाढलेली मुले आज पालकांच्या वयाची आहेत. विज्ञान आणि अध्यात्म यांचे मिश्रण हे तिचे वैशिष्ट्य. खलपक्षात डॉ. जैकॉल हा शास्त्रज्ञ होता, तर नायकाचे बळ योगसाधना व पंचमहाभूते यांतून आलेले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये साठी ओलांडलेले मुकेश खन्ना त्याच पोशाखात पुन्हा दिसले. त्यांच्या वयावरून टीका झाली. आपण पुढचा शक्तिमान होण्यासाठी आलेलो नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला.

'स्टार ट्रेक : पिकार्ड' (2020-2023) या अमेरिकी मालिकेचा मार्ग वेगळा आहे. पॅट्रिक स्टुअर्ट यांनी 1987 ते 1994 या काळात साकारलेला कप्तान येथे निवृत्त होऊन द्राक्षमळ्यात राहतो. त्याचे आजारपण आणि पश्चात्ताप हेच कथाबीज ठरते. पहिल्या पर्वाअखेर त्याला कृत्रिम देह मिळतो. परंतु त्यात अतिरिक्त बळ नसते आणि आयुष्यही वाढत नाही. तंत्रज्ञान हाताशी असूनही मर्त्यता स्वीकारणे, हा या मालिकेचा खरा विज्ञानकथात्मक विचार होय. तिसऱ्या पर्वात जुन्या सहकाऱ्यांना एकत्र आणण्याच्या मोहात ती स्मरणरंजनाकडे झुकते, ही तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

वस्तुतः 'शक्तिमान'च्या कथेतच अधिक समर्थ उत्तर उपलब्ध आहे. नायकाचे सामर्थ्य जन्मजात नसून गुरूंच्या मार्गदर्शनाखाली साधनेने मिळविलेले आहे. जे गुरूकडून लाभले, ते शिष्याला देता येते. वृद्ध शक्तिमान गुरूच्या भूमिकेत शोभला असता. तोच पोशाख चढविल्याने वय झाकले गेले नाही, उलट तेवढेच डोळ्यांत भरले.

निष्कर्ष :
नटाचे वय हा दोष नाही. कथेने ते नाकारणे हा दोष आहे. पुनरागमन केवळ मोठ्या झालेल्या प्रेक्षकांच्या आठवणींसाठी असेल, तर आजच्या मुलांच्या वाट्याला उसना नायक येतो. वार्धक्याला कथेत स्थान मिळाले, तरच जुना नायक नव्या पिढीचाही होऊ शकतो.