उलटं विरजण

कवठे महांकाळ हा बेदाण्याचा मुलूख. इथे द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची आणि पुढचं काम वाऱ्यावर सोपवायचं. रस घालवून गोडी राखणं ही आमची रीत. म्हणूनच रस रसाच्याच रूपात राखायला सांगणारी एक बिअरची कृती वाचली आणि मी तिथंच थबकलो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार विनापरवाना घरी बिअर करता येत नाही. तेव्हा ही कृती कवितेसारखी नुसती वाचायची.

आशय एवढाच. माल्टचा गोड रस, म्हणजे वॉर्ट, हॉप्स घालून उकळला आणि निवला की यीस्ट टाकण्याआधी त्यातला थोडा बाजूला काढायचा. बाकीचा आंबून शांत झाला की बाटल्या भरताना राखलेला रस त्यात मिसळायचा. बिअरमध्ये तरंगत उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि वायू बाटलीत कोंडतो. त्याचाच पुढे फेस होतो.

जर्मन ब्रूअर या राखलेल्या रसाला ‘श्पायझे’ म्हणतात, म्हणजे अन्न. हे अन्न कुणाचं? यीस्टचं. बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं आहेत, यीस्टचं नाही. फर्मानानं ज्याचं नाव घेतलं नाही, त्याची भूक ब्रूअरच्या बोलीनं ओळखली. ती भागवायला बाहेरची साखर नको, त्याच घाण्यातला घास हवा, हा या कृतीचा स्वाभिमान.

‘थोडा’ हा शब्द मात्र जपून वाचायचा. २० लिटरला साधारण दीड लिटर, आणि रस जितका दाट तितका कमी. माप जास्त झालं किंवा आंबणं पुरतं थांबण्याआधी बाटल्या भरल्या, तर त्या फुटू शकतात. राखलेला रस फ्रिजमध्ये ठेवून वापरण्याआधी पुन्हा उकळावा लागतो, नाहीतर तो स्वतःच आंबतो.

आपल्याकडे चमचाभर दही राखतात. आंबलेलं थोडं ताज्या दुधाला लावायचं, तेही उद्याच्या दह्यासाठी. इथे ताजं थोडं आंबलेल्याला द्यायचं. दह्याला विरजण आधीच्या पिढीकडून मिळतं, या बिअरला मात्र तिचंच लहानपण परत पाजतात.

कृती फेसापाशी संपते. माझं मन त्या बाजूला काढण्यापाशी घुटमळतं. फेसाची तजवीज तिथेच होते, आणि तेव्हा भांड्यात एकही बुडबुडा नसतो.